आगाऊ कळा

मराठीत कळ दाबता येते, काढता येते, सोसता येते आणि पोटात उठतेही. इतकी वर्षं मुद्रितशोधन करतोय, पण हे चारही प्रकार एकाच वस्तूत एकवटलेले मी कधी पाहिले नव्हते. तो योग तापकीर गल्लीत ४९९ रुपयांत जुळून आला.

झालं असं, की माझ्या जुन्या कळफलकावरची 'सी'ची कळ बसली. मी इन्स्क्रिप्टमध्ये टाइप करतो आणि तिथे त्या जागेवर 'म' असतो. आठवडाभर मी 'राठी' साहित्याची मुद्रितं तपासत होतो. एका कथेतल्या मामाचे नुसते दोन काने उरले, तेव्हा पिशवी घेतली आणि बुधवार पेठ गाठली.

"साधा कळफलक द्या," मी म्हणालो.

दुकानदाराने आधी मला नीट पाहून घेतलं. मग म्हणाला, "कीबोर्ड का? काका, साधा आता कोण घेतं? हा बघा, मल्टिमीडिया. नऊ बटणं एक्स्ट्रा. पैसे तेवढेच."

भाजीवाल्याने वर घातलेली कोथिंबिरीची काडी घरी कुठे जाणार, हे ती पिशवीत पडतानाच ठरलेलं असतं. नऊ जादा कळा घरी कुठे जाणार, हा प्रश्न मात्र दुकानात सुचत नाही. कळफलकाला कंपनीचं नाव असं काही नव्हतं. संगणक एकाचा, आतली प्रणाली दुसऱ्याची आणि कळफलक तिसऱ्याचा. लग्नात वर, वधू आणि बँडवाले असतात तसं. गोंधळ झाला की प्रत्येक जण इतर दोघांकडे बोट दाखवायला मोकळा.

तसं पाहिलं तर कळा वाढवायची हौस जुनीच आहे. आयबीएमचा पहिला पीसी १९८१ साली आला तेव्हा त्याच्या कळफलकावर ८३ कळा होत्या. काही वर्षांत त्या १०१ झाल्या. आकडा आहेराच्या पाकिटात शोभेल असा होता, तिथे थांबायला हरकत नव्हती. पण विंडोज ९५च्या सुमाराला आणखी तीन आल्या आणि १०४ झाल्या. या १०४ मधली 'स्क्रोल लॉक' कशासाठी आहे, हे मी भल्याभल्यांना विचारलं. एका हिशेबनिसाला माहीत होतं. एक्सेलमध्ये ती चालू राहिली, की बाण दाबल्यावर चौकट जागची हलत नाही, आख्खा तक्ताच सरकतो. त्याला हे कसं कळलं? चुकून चालू राहिली होती.

आता माझ्या नऊ. एक पाकीट, एक घर, आवाजाच्या तीन, एक गणकयंत्र, एक छोटासा संगणक, एक चंद्रकोर आणि एक चांदणी. या ठरवताना कारखान्यातल्या माणसाच्या डोळ्यांसमोर नक्की कोण असेल, याचा मी बराच विचार केला. या गृहस्थाला दिवसभर पत्रं येतात. तो गाणी ऐकतो, मधूनच आकडेमोड करतो, घरी जातो आणि चंद्र उगवला की झोपतो. चांदणीचं काय करतो ते कळत नाही. माणूस सुखी आहे, पण मी नव्हे.

पाकीट दाबलं की पत्रांचा एक कार्यक्रम उघडून माझ्याकडे खातं मागायचा. माझी पत्रं ब्राउझरमध्ये येतात, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. घराचं चित्र दाबलं की ब्राउझर उघडायचा. शिवाय 'होम' नावाची मूळची कळ होतीच, ती ओळीच्या सुरुवातीला नेते. एकाच कळफलकावर दोन घरं आणि दोन्हींचे पत्ते वेगळे.

खरा त्रास चंद्रकोरीचा. ती डिलीटच्या डोक्यावर बसवलेली होती. मुद्रितशोधकाचा जन्म डिलीटवर जातो. दुसऱ्याची जास्तीची वेलांटी उडवायला मी बोट उचलावं आणि संगणकाने डोळे मिटावेत, असं दिवसातून आठ-दहा वेळा व्हायला लागलं. मग त्याला हलवून जागं करायचं, संकेतशब्द द्यायचा आणि आपण कुठल्या वेलांटीवर होतो ते आठवायचं. सोसायटीच्या ऑनलाइन सभेत पार्किंगचा विषय निघाला होता. मी तावातावाने काहीतरी लिहिलं, मग सुबुद्धी सुचून ते खोडायला गेलो आणि गायब झालो. सचिवांनी इतिवृत्तात माझ्या नावापुढे 'सभात्याग' असं नोंदवलं. त्यानंतर दोन शेजारी जिन्यात आदराने नमस्कार करू लागले, म्हणून मी ती नोंद दुरुस्त करून घेतली नाही.

रविवारी भाचा आला. तो सॉफ्टवेअरमध्ये आहे, म्हणजे नातेवाइकांचे प्रिंटर दुरुस्त करतो. त्याने वीजवापराच्या सेटिंगमध्ये जाऊन 'झोपेची कळ दाबल्यावर काय करावं' असा प्रश्न शोधून काढला. उत्तरांच्या यादीत 'काहीही करू नये' असा अधिकृत पर्याय होता. तो निवडला. चंद्रकोर तिथेच राहिली, पण निवृत्त झाली.

"मामा, बाकीच्या बटणांनाही तुम्हाला हवं ते काम देता येतं," तो सहज म्हणाला.

हे वाक्य त्याने बोलायला नको होतं. लग्नघरात 'तुम्ही सांगाल तसं' म्हणणारा माणूस आणि हा भाचा, दोघांनाही पुढच्या मानपानाची कल्पना नसते. चहा येईपर्यंत मी कागदावर सतरा कामं लिहिली होती. कळा होत्या पाच, कारण आवाजाच्या तिन्हींवर बायकोने आधीच हक्क सांगितला होता आणि चंद्रकोर निवृत्त होती.

पहिला मान मी 'ऱ्य'ला दिला. दुसऱ्याच्या, वाऱ्यावर, कोपऱ्यात, पांढऱ्या. मराठी माणूस दिवसभरात किती 'ऱ्य' वापरतो याची त्याला कल्पना नसते, कारण ते टाइप करणारा दुसरा कुणीतरी असतो. इन्स्क्रिप्टमध्ये त्यासाठी शिफ्ट धरून जे, मग पाय मोडायला डी, मग य साठी तिरपी रेघ, असा प्रवास आहे. भाच्याने ऑटोहॉटकी नावाच्या फुकट मिळणाऱ्या कार्यक्रमात एक ओळ लिहिली आणि पाकीट दाबताच 'ऱ्य' उमटलं. मी ते वीस वेळा उमटवलं. दुसरा मान 'ॲ'चा. मराठीला लागतो तो अवर चंद्र असलेला ॲ. युनिकोडमध्ये तो २००८ साली आला. तोवर लोक एवर चंद्र देऊन वेळ मारून नेत होते आणि अजूनही नेतात, मग तो मला शोधून शोधून बदलावा लागतो. तो घराच्या चित्रावर बसवला. छोट्या संगणकाच्या चित्रावर 'ज्ञ' गेला.

गणकयंत्राचं प्रकरण थोडं वरच्या पातळीवर गेलं. "त्याला रजिस्ट्रीत जावं लागेल," भाचा म्हणाला. मी क्षणभर चपापलो. रजिस्ट्री म्हटलं की मला मुद्रांक शुल्क, दोन साक्षीदार आणि अंगठ्याला शाई आठवते. ही रजिस्ट्री संगणकाच्या पोटात असते, पण स्वभाव तोच. कुणाच्या नावावर काय आहे ते सगळं तिथे लिहिलेलं असतं, ते सामान्य माणसाला वाचता येत नाही आणि एक आकडा चुकला तर निस्तरायला जन्म जातो. भाच्याने आधी तिची प्रत काढून ठेवली. मग 'ॲपकी' नावाच्या कप्प्यात शिरला. तिथे या जादा कळांना नावं नाहीत, नंबर आहेत. टपाल १५, गणकयंत्र १८. अठरा नंबरच्या नोंदीत त्याने माझ्याकडच्या मोल्सवर्थच्या शब्दकोशाच्या फाइलचा पत्ता लिहिला. कळ दाबली आणि १८५७ सालची दुसरी आवृत्ती दत्त म्हणून उभी राहिली. त्या कळेवर अधिक, उणे, गुणिले, भागिले अशी चार चिन्हं होती. मोल्सवर्थसाहेबांनी शब्दांचं जे केलं तेही तेच म्हणा.

मग कॅप्स लॉक. ती जादा कळ नव्हे, मूळच्या घराण्यातली. टाइपरायटरवर शिफ्ट दाबून ठेवायचा खटका असायचा, त्याची ही नात. पण देवनागरीत मोठी आणि लहान अशी अक्षरं नाहीतच. आपल्याकडे लहानथोर हा भेद माणसांत असतो, अक्षरांत नसतो. म्हणजे मराठी लिहिणाऱ्याच्या करंगळीशेजारची सगळ्यांत मोक्याची जागा अशा एका गोष्टीला दिलेली आहे, जी त्याच्या लिपीत अस्तित्वात नाही. बँकेचा संकेतशब्द चुकवणं एवढंच तिचं काम. "मामा, पहिल्या पीसीवर या जागेवर कंट्रोल होता," भाचा म्हणाला. "१०१ कळा झाल्या तेव्हा तो खाली कोपऱ्यात गेला आणि कॅप्स लॉक इथे येऊन बसला." मूळ मालकाला जागा परत द्यायची, हे ऐकून मला एकदम न्यायाधीश झाल्यासारखं वाटलं.

त्याने ते आधी मायक्रोसॉफ्टच्याच पॉवरटॉईज नावाच्या कार्यक्रमातून केलं. दोन क्लिकमध्ये झालं. पण संगणक सुरू करताना संकेतशब्द मागणारा जो पडदा येतो, तिथे पॉवरटॉईजची सत्ता चालत नाही. आत सुधारणा झालेली, उंबऱ्यावर जुनेच रिवाज. मला ते पटेना. मग पुन्हा रजिस्ट्री. तिथे एक नकाशा लिहावा लागतो आणि तो लिहिण्याची पद्धत वाचून मला ज्याने ती ठरवली त्याच्या घरच्यांची काळजी वाटली. कॅप्स लॉकचा आतला नंबर ३ए, डाव्या कंट्रोलचा १डी. लिहिताना आधी काय व्हायचंय ते लिहायचं, नंतर कोणाचं व्हायचंय ते. एकच कळ बदलायची असली तरी संख्या २ लिहायची, कारण शेवटी जी शून्यांची ओळ असते तीही मोजायची. पंगतीची पानं मोजताना वाढप्यालाही धरतात तसं. हे झालं, संगणक बंद करून पुन्हा चालू केला आणि कॅप्स लॉकचं कॅप्स लॉकपण कायमचं गेलं. कळेवर छापील अक्षरात 'कॅप्स लॉक' दिसत होतं, पण आत वेगळाच माणूस राहत होता.

भाच्याच्या स्वतःच्या नव्या लॅपटॉपवर तर आणखी मजा होती. मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२४ मध्ये कोपायलटची नवी कळ जाहीर केली, ती त्याच्याकडे आलेली. दाबली की कृत्रिम बुद्धिमत्ता हजर. तिचं पितळ त्याने उघडं पाडून दाखवलं. ती कळ आतून विंडोज, शिफ्ट आणि एफ २३ एवढंच पाठवते. एफ २३! आपण एफ १२ च्या पुढे कधी गेलो नाही. पूर्वी आयबीएमच्या मोठ्या यंत्रांच्या टर्मिनलवर एफच्या चोवीस कळा असत. वाडा पडला, बिऱ्हाडं गेली, पण तेविसाव्या खोलीची नोंद कागदोपत्री शिल्लक होती. थेट कृत्रिम बुद्धिमत्तेने तिथे भाड्याने जागा घेतली. तसंच विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट, आल्ट, विंडोज आणि एल या पाच कळा एकदम दाबल्या तर लिंक्डइन उघडतं. एवढी बोटं वळवता येणाऱ्या माणसाला नोकरी शोधावी लागू नये, असं मला वाटतं.

राहिली चांदणी. ती भाच्याने तीनदा दाबून पाहिली. पडद्यावर काही नाही, कार्यक्रमात काही नाही. "ही बाहेर काही पाठवतच नाही, मामा. कीबोर्डच्या आतल्या आत काहीतरी असेल." खोक्यात तळहाताएवढी एक सीडी होती, पण ती घालायला घरातल्या कुठल्याच यंत्राला तोंड नव्हतं. चांदणी सोडून दिली. त्याने ती तीनदा दाबली हे लक्षात ठेवा. चार वेळा दाबली असती तर पुढचं रामायण टळलं असतं.

सोमवारी मी लहान मुलांच्या पक्ष्यांवरच्या पुस्तकाला बसलो आणि 'मोर' लिहिला. पडद्यावर 'रम' आली.

पुस्तक पहिलीच्या वर्गासाठी होतं. मी ते खोडून पुन्हा 'मोर' लिहिला. पुन्हा रम. चष्मा पुसला. नव्या पानावर 'बोट' लिहिलं तर 'टब' झालं. 'रोज' लिहिलं तर 'जर'. मागे जाऊन पाहावं म्हणून डावा बाण दाबला, तर मागे जाण्याऐवजी शेवटच्या अक्षराला काना-मात्रा लागली. वरचा बाण दाबला तर दोन मात्रा. जोडाक्षर लिहायला गेलो तर पाय मोडायच्या ऐवजी मीच उजवीकडे एक पाऊल सरकत होतो. भाच्याला फोन केला, तर तो मीटिंगमध्ये होता आणि त्याने दबक्या आवाजात 'व्हायरस' एवढाच शब्द उच्चारला.

दुपारी खोक्यातल्या घडीच्या कागदावर उलगडा झाला. खेळ खेळणाऱ्या मुलांना बाणांच्या जागी डब्ल्यू, ए, एस, डी या कळा लागतात म्हणे. चांदणी दाबली की त्या चार आणि चार बाण यांची अदलाबदल होते, तीही कळफलकाच्या पोटात, संगणकाला न विचारता. आता इन्स्क्रिप्टमध्ये त्या चार जागांवर काय आहे पाहा. डब्ल्यूवर दोन मात्रा, एवर काना-मात्रा, एसवर एक मात्रा, डीवर पाय मोडायची खूण. म्हणजे मी म लिहायचो, काना-मात्रेच्या ऐवजी डावीकडे उडी मारायचो आणि र त्या म च्या पुढ्यात नेऊन ठेवायचो. दूरवरच्या कारखान्यात बसून कुणीतरी मराठीच्या नेमक्या या चार खुणांवर घाला घालावा आणि त्याला त्याचा पत्ताही नसावा, याचं मला रागाऐवजी कौतुकच वाटलं. प्रमाणभाषेच्या कडव्यातल्या कडव्या विरोधकाला हे जमलेलं नाही.

चौथ्यांदा चांदणी दाबली. मोर परत आला. पुन्हा चुकून हात लागू नये म्हणून आरशावरची एक लाल टिकली काढून तिच्यावर चिकटवली. मग लक्षात ठेवायला पाकिटावर हिरवी आणि घरावर निळी. हळदीकुंकवाला निघाल्यासारखा कळफलक दिसायला लागला.

"माझी टिकली तिथे काय करतेय?" हा प्रश्न संध्याकाळी आला, पण त्याआधी दुसरा आला होता. बायकोकडे महिला मंडळाच्या भिशीचा हिशेब असतो आणि पंधरवड्यातून एकदा ती माझ्या संगणकावर बसते. तिने आकडे मांडले, बेरजेसाठी गणकयंत्राची कळ दाबली आणि मोल्सवर्थ उघडला. तिने तो बंद केला. पुन्हा दाबली, पुन्हा मोल्सवर्थ. पाच वेळा दाबल्यावर पाच मोल्सवर्थ एकावर एक उभे राहिले.

"अहो, अठरा जणींचे पैसे आहेत माझ्याकडे. मला बेरीज पाहिजे, शब्दार्थ नकोत!"

मी रजिस्ट्री, अठरा नंबर वगैरे समजावू लागलो. अठराच नंबर आणि अठराच जणी, हा योगायोगही तिच्या नजरेस आणून दिला. ते चुकलंच.

"अख्ख्या कीबोर्डवर मला उपयोगी असं एकच बटण होतं," ती म्हणाली. "तेवढंच तुम्ही बदललंत."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण ते खरं होतं. त्या सुखी गृहस्थाला मी इतके दिवस हसत होतो. पत्रं येतात, गाणी लागतात, मधूनच आकडेमोड असते, वेळेवर झोप असते. तो गृहस्थ नव्हताच मुळी. ती माझ्याच घरात होती.

दुसऱ्या दिवशी तिने कळफलक उचलला आणि आपल्या लॅपटॉपला जोडला. गणकयंत्राची कळ दाबली. गणकयंत्र आलं. पाकिटाने पत्रं उघडली, घराने ब्राउझर उघडला. कारण उघड होतं. आम्ही जे काही केलं ते सगळं माझ्या संगणकात लिहिलं होतं, कळफलकाला त्याचा पत्ताही नव्हता. हे मी तिला सांगणार होतो.

"बघितलंत? माझ्याकडे आल्यावर कसा शहाण्यासारखा वागतोय," ती म्हणाली. मी सांगितलं नाही. चांदणीवरची टिकली मात्र राहू दे म्हटलं.

मी पुन्हा तापकीर गल्लीत गेलो आणि या वेळी हट्टाने साधा घेतला. १०४ कळा, एकही आगाऊ नाही. 'ऱ्य' पुन्हा शिफ्ट, जे, डी, तिरपी रेघ. बोट अजूनही अधूनमधून उजव्या कोपऱ्यात पाकीट शोधायला जातं आणि टेबलाची फळी दाबून परत येतं. 'ॲ'साठी घराकडे जातं, तेव्हाही फळीच.

मागच्या रविवारी भाच्याला कुठलंसं तिकीट काढायचं होतं, म्हणून तो माझ्या संगणकावर बसला. नाव मोठ्या अक्षरांत भरायचं होतं. त्याने कॅप्स लॉक दाबली, लिहिलं, अक्षरं लहानच. पुन्हा दाबली, लहानच. कळफलक उलटा करून आपटला, फुंकर मारली, तार काढून परत लावली.

"मामा, नवीन आणलात ना हा? कॅप्स लॉक गेलेली आहे याची. फसवलं तुम्हाला. उद्याच्या उद्या बदलून आणा."

मी त्याला बिल जपून ठेवल्याचं सांगितलं.